घाटवाटेवरची पत

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळचा फाटा सोडून भोरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात उजव्या हाताला भाटघर धरणाची दगडी भिंत दिसू लागते. वेळवंडी नदीवरचे हे आजचे धरण 1928 साली पूर्ण झाले. त्याच्या आधीचे जुने धरण एकोणिसाव्या शतकातले, आणि ते या नव्या जलाशयाच्या पाण्यात गेले. बारामती, इंदापूर आणि फलटणकडच्या उसाच्या मळ्यांना जे पाणी मिळते त्यातला मोठा वाटा या डोंगरांतला आहे. पाऊस भोरच्या माथ्यावर पडतो आणि पीक दूरवर पसरलेल्या कोरड्या माळावर उभे राहते. एका मुलखाने दुसऱ्या मुलखावर विसंबून राहण्याचे याहून ठळक उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही.

भोर हे नीरेकाठचे जुने संस्थानी गाव. छत्रपती राजाराम महाराजांच्या पडत्या काळात शंकराजी नारायण यांनी स्वराज्य सावरण्यास मोठा हातभार लावला, त्यांना सचिवपद मिळाले आणि त्यांच्या घराण्याकडे हा मुलूख आला. पंत सचिवांचे हे संस्थान 1948 साली भारतात विलीन झाले. राजवाडा, नदीचा घाट आणि जुन्या वाड्यांच्या ओळी आजही त्या काळाची साक्ष देतात. तथापि भोरचे खरे महत्त्व वाड्यात नसून त्याच्या जागेत आहे. देश आणि कोकण यांच्या मधल्या उंबरठ्यावर हे गाव वसले आहे. देशावरचा माल येथे थांबून घाट उतरायचा, कोकणातला माल घाट चढून येथे श्वास घ्यायचा.

गावापासून पश्चिमेला नीरेच्या काठाकाठाने रस्ता निघतो. नीरा देवघरचा जलाशय मागे पडतो, हिर्डोशी येते, पुढे शिरगावला नीरेचा उगम लागतो आणि मग वरंधा घाटाची वळणे सुरू होतात. या खोऱ्याचे जुने नाव हिरडस मावळ. बांदल देशमुखांचा आणि बाजीप्रभू देशपांडे यांचा हा मुलूख. हिर्डोशी काय किंवा हिरडस काय, दोन्ही नावे ऐकताच या डोंगरांत सर्वत्र उभ्या असलेल्या हिरड्याच्या झाडाची आठवण होते. घाटाच्या तोंडाशी कावळ्या किल्ला पहाऱ्याला बसावा तसा बसला आहे. खाली सावित्रीच्या खोऱ्यात महाड, जेथपर्यंत पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबते येत असत. बंदर आणि बाजारपेठ यांना जोडणारी ही वाट होती, आणि तिच्यावर बैलांच्या पाठीवरून माल चालत असे.

खालून मीठ, नारळ, सुपारी वर येई. वरून गूळ, कडधान्ये, मिरची, घोंगडी खाली जाई. ऐकायला हा व्यवहार सरळ वाटतो, पण त्यातील जोखीम ध्यानात घेतली म्हणजे तो किती अवघड होता हे कळते. महाडचे माप आणि भोरचे माप एकच असेल याची खात्री नव्हती. शेर, पायली, मण, खंडी ही नावे सारखी, परंतु त्यांतले वजन गावागणिक बदलत असे. पावसाळ्याचे चार महिने घाट जवळजवळ बंद. माल पाठवणारा एका राज्याच्या अंमलात, घेणारा कदाचित दुसऱ्याच्या. मीठ वाटेत भिजले तर ते घाटाच्या पावसाने भिजले की मुळातच ओले भरले होते, हे सांगणारा साक्षीदार कोण? गुळाच्या ढेपेचा वरचा थर चांगला निघाला म्हणून आतला चांगला असेलच असे नाही. भांडण झाले तर दाद कोठे मागायची?

असा व्यापार केवळ फायद्याच्या आशेवर चालत नाही. पलीकडच्या माणसाला न पाहता त्याच्या हाती माल सोपवावा लागतो, आणि त्यासाठी विश्वास लागतो. हा विश्वास मात्र आपोआप उगवला नव्हता. तो कोणीतरी कष्टाने बांधला होता, आणि त्याला आधार म्हणून काही ठोस व्यवस्था उभ्या केल्या होत्या. मालाआधी वानगी पाठवायची आणि माल तिच्याबरहुकूम निघाला नाही तर भाव कापायचा, ही एक. दोन्ही पेठांत ओळख असलेला अडत्या मध्ये ठेवायचा, ही दुसरी. आणि सर्वांत सुबक व्यवस्था हुंडीची. दर्शनी हुंडी पाहताच पैसे द्यायचे, मुदती हुंडीचे मुदत भरल्यावर. शहाजोग हुंडीचे पैसे कोणाही धारकाला मिळत नसत. ज्याची बाजारात पत आहे अशा ‘शहा’ला, म्हणजे ओळखीच्या प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच ते मिळत. हुंडी चोरीला गेली तरी चोराला ती वटवता येऊ नये, ही त्यातील युक्ती. जोखमी हुंडीचे पैसे तर माल सुखरूप पोहोचला तरच द्यायचे. कर्ज आणि विमा यांचे कार्य एकाच कागदाने साधले जाई. 1881 चा परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा आला तेव्हाही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढी त्याने मोडल्या नाहीत, त्यांना जागा ठेवली. शतकानुशतके पारखलेली पद्धत कायद्यालाही सहजी बाजूला सारता आली नाही.

राजसत्तेलाही याचे भान होते. भोरजवळ रोहिडा किल्ल्याच्या पायथ्याशी जे गाव आहे त्याचे नाव बाजारवाडी. किल्ल्याखाली बाजार असे आणि बाजारामुळे किल्ला जगे. 1671 साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पाठवलेले मिठाविषयीचे पत्र प्रसिद्ध आहे. बारदेशातले, म्हणजे पोर्तुगीज अमलातले मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि संगमेश्वरकडच्या मिठाचा बाजार बसेल, हे ओळखून त्यांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवण्यास सांगितले. चिपळूणकडील छावणीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शिपायांनी रयतेच्या काडीलाही हात लावू नये, हवे ते बाजारातून विकत आणावे, अशी सक्त ताकीद आहे. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने साहुकारांना राज्याचे भूषण मानले, त्यांना आपल्या पेठांत बोलावून वसवावे, त्यांच्यावर जुलूम होऊ देऊ नये, असे राजाला बजावले. ज्या हाती तलवार आहे तो हात बाजारात शिरला की व्यापारी परागंदा होतो, हे त्यांनी जाणले होते.

वेल्ह्याकडे जायचे तर पुन्हा महामार्गावर येऊन नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून पश्चिमेला वळावे लागते. या तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, जुनी माणसे मात्र वेल्हेच म्हणतात. गुंजवणी आणि कानंदी या नद्यांची ही खोरी. एका बाजूला राजगड, दुसऱ्या बाजूला तोरणा. तोरणा घेतल्यावर त्याच्या डागडुजीत सापडलेले धन राजगडाच्या बांधणीस लागले, असे परंपरा सांगते. राजगड सुमारे पाव शतक स्वराज्याची राजधानी होता. 1664 च्या आरंभी सुरतेहून निघालेली संपत्तीही याच गडावर आली.

व्यापारी घराण्यांच्या वाचकाला हे वाक्य वाचताना क्षणभर थांबावेसे वाटेल, आणि ते साहजिक आहे. सुरतेत ज्यांची पेढी त्या वेळी लुटली गेली त्यांत वीरजी व्होरा होते. स्थानकवासी जैन समाजातले हे व्यापारी त्या काळी जगातल्या सर्वांत धनाढ्य व्यापाऱ्यांत गणले जात, आणि इंग्रज कंपनीच्या वखारीलाही ते कर्ज देत असत. ती लूट युद्धाचा भाग होती. मोगलांच्या फौजांनी स्वराज्याची जी नासधूस केली होती तिची भरपाई म्हणून ती झाली, हे इतिहासकार सांगतात. राजगडाच्या दृष्टीने ते खरे, आणि सुरतेच्या व्यापाऱ्याचे दुःखही तितकेच खरे. परंतु या घटनेत एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. वीरजींची संपत्ती त्या दिवसांत मोठ्या प्रमाणावर गेली, तरी त्यानंतरही त्यांचा व्यापार चालू राहिला. तिजोरी फोडता येते. पण शेकडो पेठांतल्या माणसांच्या मनात असलेले नाव फोडून नेता येत नाही. धन गेले तरी पत राहिली, आणि पतीने धंदा पुन्हा उभा केला. लूट एकदाच होते, व्यापार पुनःपुन्हा होतो. म्हणूनच ज्या राज्याने सुरत लुटली त्याच राज्याने स्वतःच्या मुलखात मात्र बाजाराला हात न लावण्याची ताकीद दिली.

वेल्ह्यापासून पासली खिंडीतून केळदकडे जाताना झाडी दाट होते आणि हिरड्याची झाडे पुन्हा भेटू लागतात. त्रिफळ्यातला हा हिरडा घरोघरी ठाऊक आहे. परंतु गेल्या दोन शतकांत त्याची मोठी मागणी औषधासाठी नव्हती. फळातल्या टॅनिनमुळे तो कातडी कमावण्यासाठी आणि रंगकामासाठी परदेशी जात असे. सुकलेल्या फळात हे तुरट द्रव्य सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. मात्र ते डोळ्यांना दिसत नाही. बाहेरून सारखी दिसणारी दोन फळे. एक फोडले तर आत भरीव, फिकट आणि निरोगी, दुसरे पोकळ, काळपट, किडीने पोखरलेले. ओलसर माल वजनाला जड भरतो आणि नंतर बुरसतो. लंडन किंवा हँबर्गच्या खरेदीदाराने मावळातल्या डोंगरावर येऊन फळ फोडून पाहणे शक्य नव्हते.

त्या व्यापाराने यावर जो तोडगा काढला तो मोठा बोधप्रद आहे. मालाला मुलखाचे नाव दिले. भिमलीपट्टण बंदरावरून ‘भिमली’, जबलपूरवरून ‘जबलपूर’, आपल्या पश्चिम भागातून ‘राजपूर’ आणि वेंगुर्ल्याच्या नावाने ‘विंगोर्ला’, अशी हिरड्याची प्रतवारी परदेशी बाजारात रूढ झाली. प्रत्येक नावापुढे आकडा. एक नंबर म्हणजे भरीव आणि निरोगी, दोन नंबर म्हणजे हलका. दूर देशीच्या माणसाने माल पाहिला नाही, पण वेंगुर्ल्याचे नाव पाहिले आणि त्या नावावर भाव ठरवला. त्या नावात हजारो अनामिक हातांचा प्रामाणिकपणा साठवलेला होता. एखाद्या वर्षी एखाद्या अडत्याने एक नंबरात दोन नंबर मिसळले तर नुकसान त्याच्या एकट्याचे होत नसे; सगळ्या मुलखाच्या नावाला बट्टा लागे.

आधुनिक अर्थशास्त्रही हेच सांगते. नोबेल पारितोषिकाचे मानकरी केनेथ ॲरो यांनी 1972 साली मांडले की जवळजवळ प्रत्येक व्यवहारात विश्वासाचा अंश असतोच, आणि जगातील बरेच आर्थिक मागासलेपण परस्पर विश्वासाच्या अभावातून येते. लुइजी ग्विझो, पाओला सापिएन्झा आणि लुइजी झिंगालेस या तीन अर्थशास्त्रज्ञांनी 2009 साली युरोपीय देशांविषयी जे संशोधन प्रसिद्ध केले त्यात असे दिसले की एका देशाच्या लोकांचा दुसऱ्या देशाच्या लोकांवर विश्वास कमी असेल तर त्या दोन देशांतला व्यापार आणि गुंतवणूकही कमी असते. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या मालाची गुणवत्ता सहज पारखता येत नाही, त्याच्या व्यापारावर या अविश्वासाचा परिणाम अधिक होतो. हिरड्याच्या व्यापाऱ्याला हा निष्कर्ष वाचून नवल वाटले नसते.

परंतु विश्वासाची साखळी एका टोकाने मजबूत असून चालत नाही. लंडनचा खरेदीदार वेंगुर्ल्याच्या नावावर विसंबला, पण डोंगरावर हिरडा गोळा करणारी कोळी किंवा कातकरी बाई कोणाच्या तराजूवर विसंबली? तिला ना लंडनचा भाव ठाऊक, ना मुंबईचा. तिच्या पाठीवरच्या पाटीचे वजन कोणी सांगेल तेच. गुणवत्ता लपलेली असली की विकणारा फसवू शकतो. भाव लपलेला असला की घेणारा फसवू शकतो. जैन आचारग्रंथांत श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेताना एक माप आणि देताना दुसरे. प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलात नकली मिसळणे. आणि विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे दुसऱ्या राज्याच्या हद्दीत नियम मोडून केलेला व्यापार, हे तिन्ही येतात. चोरीच्या व्रतात तिजोरी फोडण्यापेक्षा तराजूची काळजी अधिक केलेली आहे. ज्यांनी हे लिहिले त्यांना व्यापार आतून माहीत होता यात शंका नाही.

हिरड्याच्या त्याच तुरटपणाला आज एक नवे काम मिळण्याची शक्यता आहे. टॅनिनचे रेणू जसे कातड्याला धरतात तसेच पाण्यातल्या धातूंनाही धरून ठेवतात. म्हणून टॅनिनपासून केलेल्या अधिशोषकांवर जगभर संशोधन चालू आहे, आणि त्यात पारा हा महत्त्वाचा शत्रू आहे. सांडपाण्यातून नदीत गेलेला पारा जिवाणूंमुळे अधिक घातक रूप घेतो आणि जीवसाखळीतून वाढत वाढत जातो. जपानमधील मिनामाता येथे 1956 साली जो भयंकर आजार उघडकीस आला त्याचे कारण पाऱ्याचे असेच घातक रूप होते. त्याच गावाच्या नावाने झालेला आंतरराष्ट्रीय करार 2017 साली अमलात आला आणि 2018 साली भारताने त्याला मान्यता दिली. आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एका लिटरमध्ये पाऱ्याचा एक मायक्रोग्रॅम एवढीच मर्यादा आहे.

अधिशोषक म्हणजे ज्याच्या पृष्ठभागाला विष चिकटून राहते असा पदार्थ. नारळाच्या करवंटीपासून केलेला सक्रिय कोळसा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण; त्याच्या एका ग्रॅममधली सूक्ष्म छिद्रे उलगडली तर पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. तो सुधारण्याचा एक मार्ग म्हणजे त्यात गंधक मुरवणे. पारा आणि गंधक यांची ओढ आपल्याकडच्या रसवैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. कज्जली त्या दोहोंचीच करतात आणि हिंगूळ हेही त्याच दोहोंचे संयुग. युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनीही गंधकाच्या एका संयुगवर्गाला मर्कॅप्टन हे नाव दिले ते ‘पारा पकडणारा’ या अर्थानेच. टॅनिनच्या बाबतीत अडचण अशी की ते पाण्यात विरघळते. म्हणून प्रथम त्याचे रेणू एकमेकांत गुंफून न विरघळणारे दाणे करावे लागतात. नंतर त्यांवर गंधकाचे गट बसवता येतात, म्हणजे पाण्यातल्या इतर क्षारांच्या गर्दीतूनही ते पारा निवडून धरतात. वापरलेले दाणे धुऊन पुन्हा किती वेळा वापरता येतील, हाही सुधारणेचा एक मोठा निकष आहे.

पण प्रयोगशाळेतले दाणे बाजारात आले की तोच जुना प्रश्न नव्या वेषात समोर उभा राहतो. पारा डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. अधिशोषकाने तो धरला की नाही हे विकत घेणाऱ्याला पाणी पाहून सांगता येत नाही. एका राज्यातला कारखाना, दुसऱ्या राज्यातला ग्राहक, आणि खाली नदीकाठी राहणारी, या व्यवहाराची काहीच माहिती नसलेली माणसे. येथे वानगीची जागा प्रयोगशाळेचा अहवाल घेतो आणि शहाजोग नावाची जागा मान्यताप्राप्त तपासणी संस्थेची मोहोर घेते. अहवाल खोटा असेल तर फसवणूक केवळ ग्राहकाची होत नाही. आणि पाऱ्याने भरलेले दाणे शेवटी कोठे टाकले, हा प्रश्न तर विक्रीची पावती फाटल्यानंतरही उरतो. आचारग्रंथांनी श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. विष उचलून घेण्याचा व्यापार त्याच्या अगदी उलट म्हणावा लागेल. मात्र तो अर्धवट केला, विष एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी गुपचूप टाकले, तर नाव बदलूनही तो विषवाणिज्यच राहतो.

केळदला मढे घाटाच्या कड्यावर उभे राहिले की पाण्याचा हिशेब प्रत्यक्ष दिसतो. सिंहगडावर धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने उमरठला नेला, असे लोक सांगतात. पावसाळ्यात लक्ष्मी धबधबा कड्यावरून कोकणात झेपावतो. कड्यावर पडलेला एक थेंब सावित्रीकडे जातो, चार हातांवर पडलेला दुसरा गुंजवणीतून नीरेकडे. याच तालुक्याच्या उत्तर भागात आंबी नदीवर पानशेतचे धरण आहे, जे 12 जुलै 1961 रोजी फुटले आणि पुणे शहराच्या मोठ्या भागावर आपत्ती कोसळली. त्या दिवशी शहराला कळले की आपण रोज वरच्या मुलखावर किती विसंबून असतो. आज त्याच डोंगरांतले पाणी पुणेकर पितात, खालचे शेतकरी पिकाला घालतात. या पाण्याची पावती कोणी लिहीत नाही.

कड्याशेजारी वाऱ्याने वाकलेली हिरड्याची झाडे आहेत. उद्या या फळाला पाणी शुद्ध करण्याच्या कामासाठी नवा खरेदीदार मिळाला तर पलीकडचा उद्योजक शुद्धतेचा दाखला मागेल, आणि तो मागणे रास्तच ठरेल. त्याच वेळी डोंगरावरून पाटी घेऊन उतरलेल्या बाईने त्या दिवसाचा भाव विचारला आणि तराजूचे माप पाहायला मागितले, तर तेही तिला मोकळेपणाने दाखवले गेले पाहिजे. घाटाच्या दोन्ही बाजूंनी व्यापार चालला तो माल चांगला होता म्हणून नव्हे. मालाची पारख दोन्ही बाजूंना सारखी करता यावी म्हणून कोणीतरी वजन राखले, वानगी राखली आणि शब्द राखला म्हणून चालला.